रेघेपुढची मोकळी जागा

शपथेवर सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, पण एका मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कार्डोबाची बायको चार वर्षांपूर्वी वारली.

त्याच सकाळी साडेनऊला तिने त्याला जिन्यातून दोनदा माघारी बोलावलं होतं, एकदा चष्म्यासाठी आणि एकदा डब्यासाठी, आणि दुसऱ्या खेपेला, "डोकं तरी घेतलंत ना बरोबर?" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं होतं. इतक्या खणखणीत आवाजाची बाई चार वर्षांपूर्वी गेलेली असेल हे कार्डोबाच्या मनाला पटेना. पण समोर पडद्यावर लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं खरं मानायचं हा तर त्याचा छत्तीस वर्षांचा धंदा. वर तिचं नाव, मधल्या नावासकट. नावापुढे जन्माचं साल, मग आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढे, जिथे काही असायला नको तिथे, चार वर्षांपूर्वीचं साल. खाली तिने लिहिलेल्या पुस्तकांची यादी: कोंबड्यांचे श्वसनविकार, खुराड्यातील स्वच्छता, अंडी देणाऱ्या पक्ष्यांचा आहार भाग एक व दोन, अशी अकरा. आणि बाराव्या जागी, गर्दीच्या बसमध्ये कोणीतरी अंग चोरून उभं राहावं तसं, 'जोडून देते', पृष्ठे बहात्तर. हे बारावं मात्र तिचं होतं. बाकीच्या अकरांचा आणि तिचा संबंध एवढाच, की ती आठवड्यातून एकदा बाजारातून अंडी आणत असे.

कार्डोबाने चष्मा काढला, पुसला, लावला. साल तिथेच होतं. मग त्याने फार विचित्र गोष्ट केली. टेबलाखालच्या डब्याला हात लावून पाहिला. डबा अजून कोमट होता.

ग्रंथालयातल्या सगळ्या नोंदी त्याच्या हाताखालून गेलेल्या. वीस वर्षांपूर्वी संगणक आले तेव्हा कार्डांचे लाकडी खण मोडीत काढायचा हुकूम निघाला, आणि याने त्यातले चार खण स्वतःच्या टेबलाखाली दडवले. तेव्हापासून तो गुडघे एका बाजूला वळवून बसतो, आणि तेव्हापासून त्याला सगळे कार्डोबा म्हणतात. आता संगणकातल्या त्या नोंदीही जुन्या झाल्या होत्या. आधी एक कार्ड म्हणजे एक पुस्तक. लिहिणारा, छापणारा, विषय, पानं सगळी एकाच खोलीत दाटीवाटीने राहायची. आता प्रत्येकाला वेगळं घर द्यायचं ठरलं होतं. लिहिणारा माणूस सुटा, त्याने लिहिलेला मजकूर सुटा, हातात येणारी प्रत सुटी. प्रत्येकाला इंटरनेटवर आपापला कायमचा पत्ता, आणि मधून दोऱ्या सोडलेल्या: हिने लिहिलं, याबद्दल लिहिलं, ही त्याची दुसरी आवृत्ती. जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात बसून कोणीही एक दोरी ओढावी की बाकीचं सगळं मागोमाग यावं. हे काम करायला बाहेरून एक बाई नेमल्या होत्या, त्यांना सगळे इंजिनियरबाई म्हणत. त्यांनी हे पहिल्यांदा समजावलं त्या संध्याकाळी कार्डोबाने घरी जाऊन बायकोला तासभर हातवारे करून सांगितलं होतं. ती सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आमचा बोर्डच की हो. इकडची पिन तिकडे. एवढ्यासाठी तासभर घेतलात?"

इंजिनियरबाईंच्या खोलीत तो गेला तेव्हा त्या कालचा गार चहा आजच्या चहात मिसळून पीत होत्या.

"बाई, माझी बायको गेली."

कप टेबलावर आदळला. "अहो काका! कधी?"

"चार वर्षांपूर्वी."

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मग आज... म्हणजे वर्षश्राद्ध वगैरे आहे का? सुट्टी हवीय का तुम्हाला?"

"आज कळलं मला. तुमच्या यंत्राकडून."

पडदा बघितल्यावर बाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "काका, यंत्राचा दोष नाहीये यात. दोन नोंदी, नाव तेच, मधलं नावसुद्धा तेच. या कोंबड्यांच्या डॉक्टर, यांचं जन्मसाल आहे, मृत्यूचं साल आहे. तुमच्या मिसेसच्या नोंदीत काहीच नाही. या दोघी वेगळ्या म्हणायला आधारच नव्हता, म्हणून यंत्राने दोघींना एक केलं. पण मला एक सांगा, जन्मसाल का नाही यात? तुमच्या नोंदीत तर पानाचा कोपरा दुमडलेला असला तरी लिहिलेलं असतं."

कार्डोबा खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला एक कंटाळलेला कावळा.

"तोडा त्यांना," तो म्हणाला. "दोघींना वेगळं करा."

"करते ना. पण पुरावा द्या. नियम तुमचाच आहे, तुमच्याच अक्षरात तुमच्या टेबलावर चिकटवलाय: पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंदीला हात लावायचा नाही. मागे मी एकदा नुसता एक स्वल्पविराम बदलला तर दोन दिवस बोलला नव्हता माझ्याशी. आणि आज पाचला नोंदींचा पहिला गठ्ठा जातोय सगळ्या ग्रंथालयांच्या सामायिक जाळ्यावर."

"गेला की?"

"गेला की गेला. तिथून जो तो उतरवून घेतो. आपण नंतर इथे सुधारू, पण कोणाकोणाकडे जुनंच राहणार. त्याला इलाज नाही."

"म्हणजे कुठे ना कुठे ती मेलेलीच राहणार."

"काका, असं काय बोलता," बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांना हसू आलं नाही.

जागेवर येऊन बसल्यावर त्याला वाटलं होतं की राग येईल. राग आला नाही. त्याऐवजी ती चार वर्षं एकेक करून समोर उतरायला लागली. यंत्राच्या हिशेबाने जी वर्षं तिला मिळालीच नव्हती ती. त्यातल्या पहिल्या वर्षी तिने दिवाणखान्याचे पडदे बदलले होते, हिरव्याच्या जागी पिवळे, आणि तो महिनाभर कुरकुरला होता की संध्याकाळी घरात कावीळ झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या वर्षी तिने वयाच्या उतरणीला पोहायला शिकायचं काढलं. पाण्यात उतरली, नाकात पाणी गेलं, बाहेर आली, आणि "पाणी मला मानवत नाही" असं पाण्यालाच दोष देऊन घरी आली. एकदा मोलकरणीशी भांडण. एकदा ताप, दोन दिवस, त्यात ती झोपेत "नंबर सांगा, नंबर सांगा" म्हणत होती आणि याने उशाशी बसून, काय करावं ते न कळून, घराचा नंबर सांगितला होता. मग ती शांत झाली. एवढंच. त्या चार वर्षांत सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. आणि आता ते न घडलेलं सगळं, पडद्यांच्या पिवळेपणासकट, कोणीतरी चुकून हातावर ठेवलेल्या नाण्यासारखं त्याच्या मुठीत होतं, आणि देणाऱ्याच्या कधी लक्षात येईल या भीतीने त्याने मूठ घट्ट मिटली होती. समजा यंत्राचंच बरोबर असतं. समजा त्या वर्षी. तर तो आज गुडघे वळवून इथेच बसला असता, तीच नोंद बघत असता, आणि डबा गार असता. डबा नसताच. तो उठला आणि पाणी प्यायला गेला, आणि पाणी न पिताच परत आला.

चूक यंत्राची नव्हती हे इंजिनियरबाईंपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी दवाखान्यांच्या फायली छापणाऱ्या एका छापखान्यात तिचं पुस्तक छापून झालं. दोनशे प्रती. एक्सचेंजमध्ये बसून ऐकलेल्या आवाजांबद्दल होतं ते. रोज चार वाजता एकाच नंबरला फोन लावून न बोलता ठेवून देणारा माणूस, परगावच्या मुलाशी बोलताना आवाज मुद्दाम तरुण करणारी आई, भांडता भांडता दोघंही तिला, "बाई, तुम्हीच सांगा कोणाचं चुकलं," असं विचारणारं जोडपं. प्रती नातेवाइकांत गेल्या. घरची शेवटची प्रत जाऊबाई वाचायला म्हणून घेऊन गेल्या आणि वाचायला नेलेली वस्तू परत करायची असते हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. एक प्रत ग्रंथालयात आली आणि तिचं कार्ड करायचं भाग्य त्याला लाभलं. त्याने ते कार्ड घरी आणून, जेवणाच्या टेबलावर, तिच्या देखत लिहिलं होतं. नवी निब घालून.

"जन्मसाल?" त्याने विचारलं होतं.

"कशाला?"

"नियम आहे."

"नियमाला म्हणावं, बायकांना वय विचारत नाहीत."

"अगं, साल घातलं नाही तर पुढे घोटाळा होतो."

"कसला घोटाळा? माझ्या नावाची दुसरी कोण बसलीय पुस्तकं लिहीत?"

तो हसला होता. तिच्या तोंडावर त्या दिवशी असं काही होतं, लेखिका झाल्याचा रुबाब आणि ओशाळलेपण एकाच वेळी, की त्याला तिच्याकडून सालच काय, मिठाची चिमूटसुद्धा मागवेना. शिवाय तिची सालं दोन. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने टाकलेलं एक, आणि तिची आई सांगायची ते दुसरं. त्याने जागा कोरी सोडली. छत्तीस वर्षांत, काही लाख नोंदींत, जाणूनबुजून कोरी सोडलेली ती एकच जागा. लाडाने सोडलेली. तिथे एकतीस वर्षांनी एक परकी बाई येऊन, आपल्या कोंबड्या आणि आपलं मरण घेऊन, बसली होती.

कार्ड खणात गेल्याला आठवडाही झाला नसेल, तेव्हा एका संध्याकाळी तिने, दूधवाला येऊन गेला का असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "कोणी नेलं का हो ते?" आणि तो म्हणाला, "नेलं की. कालच." म्हणजे तसं काही झालं नव्हतं, पण ते म्हणायला त्याला काही श्रमही पडले नाहीत. ती म्हणाली, "कोण होतं?" आणि मग काय विचारता. पहिली एक नर्स होती, साधीसुधी. दुसऱ्या महिन्यात बोटीचा निवृत्त कप्तान आला. त्याने पुस्तक उभ्याउभ्या वाचून संपवलं आणि जाताना पुस्तकाला सलाम केला. मग एक न्यायाधीश आला, ज्याने न बोलता फोन ठेवणाऱ्या माणसाचं प्रकरण वाचून त्या दिवशीचा निकाल पुढे ढकलला. एक आंधळा वाचक होता, तो दुसऱ्याकडून वाचून घेताना मधेच, "थांबा, हा आवाज माझा आहे," असं ओरडला. एका जोडप्यात तर पुस्तक आधी कोण नेणार यावरून काउंटरवर एवढी जुंपली की पहारेकरी बोलवावा लागला. "मग कोणी नेलं शेवटी?" ती विचारायची. "पहारेकऱ्याने," तो म्हणायचा. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. कधी विचारायची, "कुठलं पान वाचत होते?" आणि त्याला पान सांगावं लागायचं, आणि ती मान हलवायची: हो, एकतिसावं बरं उतरलंय. एकतीस वर्षं. रोज नाही, पण आठवड्यातून एक तरी वाचक त्या घरात येऊन चहा पिऊन जायचा.

आणि या सगळ्या काळात कार्डोबा एकदाही दुसऱ्या मजल्यावर, ते पुस्तक जिथे ठेवलं होतं त्या फळीपाशी गेला नाही. पुस्तक किती वेळा बाहेर गेलं याचा आकडा आता त्याच्याच संगणकात, नोंदीच्या शेजारच्या रकान्यात, एका टिचकीवर होता. ती टिचकी त्याने कधी मारली नाही. आपल्या गोष्टी खऱ्या की खोट्या हे कळेल अशा जागी माणसाने जाऊ नये, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. आज मात्र जाणं आलं. पुस्तक हातात हवं होतं. मलपृष्ठावर तिचा दोन ओळींचा परिचय छापलेला होता, एक्सचेंजमध्ये नोकरी एवढा उल्लेख तरी त्यात नक्की होता, आणि टेलिफोनवाली आणि कोंबडीवाली या दोघी एक नव्हेत हे सांगायला तेवढा पुरावा पुरे झाला असता.

दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला सगळे 'दुसरा मजला' असंच म्हणायचे, कारण तळमजल्यावर त्याला कोणी कधी पाहिलं नव्हतं. तो येतो कुठून आणि जातो कुठून यावर पैजा लागलेल्या. कार्डोबाला धापा टाकत आलेला बघून त्याने हातातली पुस्तकांची ढकलगाडी थांबवली.

"अरे वा. रस्ता चुकलात का देवा?"

"एक पुस्तक हवंय."

"तुम्हाला? तुम्ही तर नुसती नावं वाचता."

फळी वरून दुसरी होती. कार्डोबा चवड्यांवर उभा राहिला. कडेपासून एकेका पाठीवर बोट फिरवत गेला, आणि एका जागी बोट आत गेलं. दोन जाड पुस्तकं एकमेकांकडे कलली होती, आणि खाली, त्यांच्या मधे, पुस्तकाच्या जाडीएवढी, पुस्तकाच्या अभावाची एक काळी चीर होती. त्याने बोट तिथेच ठेवलं.

"बाहेर गेलंय का?"

दुसऱ्या मजल्याने भिंतीवरच्या संगणकात बघितलं. "नाही. इथेच आहे म्हणतोय."

"इथे नाहीये."

"मग चुकून दुसरीकडे लागलं असेल." दोघांनी वरच्या, खालच्या, मागच्या फळ्या पालथ्या घातल्या. शिडी लावली. नव्हतं. दुसऱ्या मजल्याने कपाळावरची धूळ मनगटाने पुसली. "चोरीला गेलं मग. होतं असं. काय, महाग होतं का?"

"बहात्तर पानांचं."

"मग कोण कशाला चोरेल?"

कार्डोबाचं बोट परत त्या चिरेत गेलं. त्याच्या छातीत काहीतरी फडफडायला लागलं होतं, आणि ते दुःख नव्हतं हे ओळखायला त्याला जरा वेळ लागला. चोरलं! कोणीतरी ते नुसतं नेलं नव्हतं, ते परत द्यायला लागू नये म्हणून चोरलं होतं. जिवंत, हाडामांसाचं कोणीतरी, या फळीसमोर उभं राहून, इकडेतिकडे बघून, धडधडत्या काळजाने. त्याने उभे केलेले कप्तान, न्यायाधीश, आंधळे, जोडपी, सगळे एकाएकी कागदी झाले आणि त्यांच्यामधून एक खरा माणूस चालत गेला, पाठमोरा. कार्डोबाला त्याच्यामागे धावावंसं वाटलं. पकडायला नाही. विचारायला, कुठलं पान? "तक्रार लिहू का?" दुसऱ्या मजल्याने विचारलं. "खबरदार," कार्डोबा म्हणाला, आणि म्हणताना एवढ्या आनंदाने म्हणाला की दुसरा मजला ढकलगाडी घेऊन दोन पावलं मागे सरला.

पण खाली येईपर्यंत आनंदाला दुसरी बाजू फुटली. पुस्तक नाही म्हणजे पुरावा नाही. घड्याळात पावणेचार. एका हाताने मिळालं ते दुसऱ्या हाताने जात होतं: पुस्तकाला वाचक मिळाला होता आणि बाई मात्र मेलेलीच राहत होती. तो आपल्या जागेवर बसला, गुडघे वळवले, नियमाच्या कागदाकडे बघितलं. अक्षर सुरेख होतं. हा नियम त्याने लिहिला तेव्हा त्याला वाटलं होतं की जे हातात घेता येतं तेच खरं. त्याने फोन उचलला.

"बोला," ती म्हणाली. फोनवर तिचा आवाज अजूनही नोकरीतला व्हायचा, सरळ, गुळगुळीत, कोणाचाच नसल्यासारखा. मग लगेच, तो काही बोलायच्या आत, "जिना चढलात तुम्ही. कशाला? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"वर गेलो होतो. तुझं पुस्तक बघायला."

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मिळालं?"

"बाहेर गेलंय."

"असं?" ती म्हणाली. "कोणी नेलं?"

"संध्याकाळी सांगतो. आज सांगण्यासारखं आहे. ऐक, मला दुसरंच विचारायचंय. तू जन्मलीस कधी?"

"बाई गं. आज काय हे?"

"साल हवंय. नोंदीला."

"एकतीस वर्षं चाललं ना त्याच्याविना?"

"आता नाही चालत. पाचला सगळं बाहेर जातंय. नाही घातलं तर तू कोंबड्यांची डॉक्टर होशील."

"काय?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. दुसरी बाई, अकरा पुस्तकं, दोऱ्या, पत्ते. एक गोष्ट तो गाळत होता आणि गाळलेली गोष्ट तिला ऐकू येत होती. लोक काय बोलत नाहीत हे ऐकायचाच तर तिला सत्तावीस वर्षं पगार मिळाला.

"ती बाई आहे का अजून?" तिने विचारलं.

"नाही."

"किती झाली?"

"चार वर्षं."

"म्हणजे मी पण."

"यंत्राच्या लेखी," तो घाईने म्हणाला. "नुसतं लेखी."

"मग सकाळी डबा कोणी दिला?" ती म्हणाली, आणि हसली, आणि ते हसणं मधेच थांबलं. तारेतून फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत राहिला. कार्डोबाने रिसीव्हर कानाला एवढा दाबून धरला की कान दुखायला लागला. कितीतरी वर्षांत त्याने तिचा श्वास असा ऐकला नव्हता. रोज शेजारी झोपूनही ऐकला नव्हता. आत, बाहेर. आत, बाहेर. हा पुरावा कुठल्या रकान्यात घालतात?

"आईचं साल घाला," ती म्हणाली. "मास्तरांचं नको. मास्तरांनी मला दोन वर्षांनी मोठी केली."

"आईंनी काही लिहून ठेवलेलं नाही. आधार काय दाखवू?"

"मी सांगतेय ना. मी पुरे नाही का?"

त्याला एकदम नियमांचं जुनं, जाडं पुस्तक आठवलं आणि त्यातलं एक कलम आठवलं, जे त्याने छत्तीस वर्षांत एकदाही वापरलं नव्हतं, कारण त्याला मेलेले आणि लांबचे लेखकच भेटले होते. माहिती लेखकाकडूनच मिळाली असेल तर तसं लिहायचं. कोणत्या मार्गाने मिळाली ते लिहायचं. दिनांक लिहायचा.

"पुरे आहेस," तो म्हणाला. "सांग."

तिने सांगितलं. त्याने फोन खांद्यात धरून एकेक आकडा टाइप केला. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता पुढे आडवी रेघ."

"आणि रेघेच्या पुढे?"

"काही नाही. मोकळं सोडायचं."

"बरं," ती म्हणाली. "सोडा मग मोकळं. आणि परत बोट लावू नका तिथे." फोन ठेवला गेला.

माहितीचा आधार, अशी एक चौकट होती. तिच्यात कार्डोबाने लिहिलं: लेखिकेने स्वतः दूरध्वनीवरून सांगितले. आणि आजची तारीख. व्यवसाय, अशी आणखी एक होती. तिथे लिहिलं, टेलिफोन ऑपरेटर. इंजिनियरबाई मागे येऊन उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. त्यांनी हात पुढे करून एक कळ दाबली आणि पडद्यावर एकीच्या दोघी झाल्या. अकरा पुस्तकं तिकडे गेली. मोकळ्या पांढऱ्या पानावर एकटं 'जोडून देते' राहिलं, आणि त्याच्या वर तिचं नाव, साल, आणि कुठेच न थांबणारी ती आखूड रेघ. "पुस्तक हातात नाही, काका," बाई हळूच म्हणाल्या. "नियम मोडला तुम्ही." कार्डोबा म्हणाला, "कोंबड्यांच्या बाईंचंही नीट बघून घ्या. त्यांच्या घरचं कोणी बघेल कधीतरी. त्यांच्या यादीतही हे एक परकं पुस्तक नको." पाचला दहा मिनिटं होती.

बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. बाहेर दुकानं, सायकली, दोरीवर वाळत घातलेले कोणाचे तरी मोजे. त्याला ती रेघ दिसत होती. आपणही आज ना उद्या कोणाच्या तरी पडद्यावर अशीच रेघ असू, आणि कोणीतरी, बहुधा चहा पीत, रेघेपुढे आकडे टाकेल. आपल्या किंवा तिच्या. कोणाच्या आधी? हा प्रश्न त्याने मनात येऊ दिला, दोन थांबे शेजारी बसू दिला, आणि तिसऱ्या थांब्याला उतरवून दिला. कारण त्याला चोर तयार करायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे तिला सांगायला खरी गोष्ट होती, आणि खरी गोष्ट तशीच्या तशी, हडकुळी, न सजवता घरी नेणं त्याला बरं दिसेना.

ती गॅलरीत स्टुलावर बसून मटार सोलत होती. ऊन कलतं होतं. तो समोर बसला आणि नुसता बघत राहिला, केस, चष्म्याची दांडी, शेंग फोडणारा अंगठा, इतका वेळ की ती म्हणाली, "आहे मी. बघून झालं असेल तर सांगा. कोणी नेलं?"

"नेलं नाही. चोरलं."

तिचा अंगठा थांबला.

"चोरलं म्हणजे? लिहिलेलं नाही कुठे?"

"कुठेच नाही. संगणक म्हणतो फळीवर आहे, फळी म्हणते माझ्याकडे नाही. आणि चोर काय साधासुधा वाटला तुला? सहा फूट उंच. लांब कोट, आणि कोटाला आतून खिसा, बरोबर बहात्तर पानांच्या मापाचा, शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतलेला. दुसऱ्या मजल्याने त्याला जिन्यात पाहिलं. अडवणार होता. पण चोराने त्याच्याकडे असं बघितलं की याच्या हातातून गाडीच सुटली. जाताना म्हणाला म्हणे, 'घरात यांचा आवाज हवा, त्याशिवाय झोप येत नाही.' आणि मिशी तर अशी, की..."

"मिशी?"

"ही अशी. दोन्ही टोकं कानांना टेकलेली."

"खोटं," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत हा शब्द तिने कधी उच्चारला नव्हता. कप्तानाला नाही, न्यायाधीशाला नाही, पहारेकऱ्यालासुद्धा नाही. कार्डोबाचे हात मिशीच्या टोकांवर, हवेतच राहिले.

"काय खोटं?"

"चोराला मिशी नव्हती. आणि सहा फूट तर नव्हताच नव्हता. वरच्या फळीला हात पोचेना म्हणून बिचाऱ्याला स्टूल ओढून आणावं लागलं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा रजेचा अर्ज द्यायला आला होता. तसाच वर गेला आणि भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आला." तिने हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत पाडले. "मागच्या पानावर तो कागद चिकटवलेला असतो बघा, परत करायच्या तारखांचे शिक्के मारायचा. कोराच्या कोरा होता हो. एक शिक्का नाही. म्हटलं, हे कधी चुकून वर गेले आणि यांनी तो कागद पाहिला, तर संध्याकाळी घरी येऊन मला काय सांगतील?"